परीक्षानळीतला निळा साका आणि पाण्यात तयार होणारे चुंबक

बारावी सायन्सला ज्यांनी सॉल्ट ॲनालिसिसचे प्रॅक्टिकल केले आहे, त्यांना फेरोसायनाइडची परीक्षा नक्की आठवेल. द्रावणात लोह आहे की नाही हे बघायचे असेल, तर पोटॅशियम फेरोसायनाइडचे दोन थेंब टाकायचे. लोह असेल तर क्षणात शाईसारखा गडद निळा साका. तांबे असेल तर त्याच दोन थेंबांनी चॉकलेटी साका. वहीत निष्कर्ष लिहायचा, सरांची सही घ्यायची आणि परीक्षानळी बेसिनमध्ये उपडी करायची.

बेसिनमध्ये जाणारा तो साका म्हणजे आजच्या रसायनशास्त्रातला एक फार मोठा विषय आहे. त्याला कोऑर्डिनेशन पॉलिमर म्हणतात. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या सच्छिद्र जाळ्यांबद्दल मिळाले. ती जाळी याच घराण्यातली. वर्तमानपत्रांत तेव्हा या जाळ्यांच्या पोकळ्यांबद्दल भरपूर लिहून आले: त्यात वायू साठवता येतात, वाळवंटातल्या हवेतून पाणी गोळा करता येते वगैरे. या घराण्याची दुसरी शाखा मात्र बातम्यांत फारशी येत नाही. ती चुंबकांची. धातू वितळवल्याशिवाय, भट्टी न पेटवता, नुसती दोन द्रावणे एकत्र करून चुंबक बनवण्याची ही विद्या आहे. आपल्या बडोद्यात अनेक घरांतून कोणी ना कोणी रिफायनरीत, जीएसएफसीत नाहीतर नंदेसरीच्या कारखान्यांत आयुष्य काढले आहे. त्यामुळे साका, गाळणी आणि निर्जल वातावरण हे शब्द आपल्याकडे परके नाहीत. म्हणून या शाखेविषयी जरा सविस्तर लिहितो.

जाळे कसे असते

निळ्या साक्याचे बाजारातले नाव प्रशियन ब्लू. साधारण १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा लाल रंग करायला गेला आणि हाती निळा आला. त्याने वापरलेला पोटॅश प्राण्यांच्या अवशेषांपासून काढलेल्या तेलाने दूषित झालेला होता, त्यातून सायनाइड आले, असे सांगतात. रंग इतका पक्का आणि स्वस्त निघाला की चित्रकारांनी तो उचलून धरला. इंजिनियरिंगच्या नकाशांना आपण ‘ब्ल्यूप्रिंट’ म्हणतो तो निळाही हाच. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी लोहाचे क्षार कागदाला लावून उन्हात धरले आणि हा निळा कागदातच तयार करून दाखवला. (कपड्यांची नीळ म्हणून घरात येते ती बहुधा अल्ट्रामरीन. ती वेगळी वस्तू, तिचा इथे संबंध नाही.)

रंग हाती आला, पण तो आत कसा बांधलेला आहे हे कळायला दोनशे वर्षांहून जास्त काळ गेला. १९३६ मध्ये केगिन आणि माइल्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पहिला आराखडा मांडला. चांगल्या एकल स्फटिकांवरून खात्रीशीर रचना मिळायला १९७७ साल उजाडले.

ती रचना डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे. मुलांचे चढायचे लोखंडी चौकटींचे खेळणे बागेत असते, तसे समजा. जिथे दांडे एकमेकांना भेटतात त्या प्रत्येक सांध्यावर धातूचा एक अणू आहे. दांडा म्हणजे सायनाइड: एक कार्बन आणि एक नायट्रोजन, घट्ट धरलेले. दांड्याचे कार्बनचे टोक एका धातूकडे, नायट्रोजनचे टोक शेजारच्या धातूकडे. प्रत्येक सांध्याला वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे असे सहा शेजारी. हे जाळे तिन्ही दिशांना चालतच राहते. प्लॅस्टिकमध्ये कार्बनच्या साखळ्या लांबत जातात तसे इथे धातू-दांडा-धातू-दांडा लांबत जाते, म्हणून याला पॉलिमर म्हणायचे. पाण्यात हे का विरघळत नाही याचे उत्तरही यातच आहे. विरघळायला सुटे रेणू लागतात, इथे सगळा कणच एकमेकांत गुंतलेला.

सायनाइड म्हटल्यावर दचकायचे कारण नाही. इथे ते लोहाला इतके घट्ट बांधलेले असते की प्रशियन ब्लू चक्क औषध म्हणून पोटात देतात. सीझियमचा किरणोत्सारी प्रकार शरीरात गेला तर हे जाळे त्याला आतड्यात धरून बाहेर काढते. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात झालेल्या दुर्घटनेनंतर रुग्णांना ते दिले गेले होते. मात्र तीव्र आम्ल ओतले किंवा खूप तापवले तर सायनाइड सुटू शकते, तेव्हा घरी प्रयोग नकोत.

प्रशियन ब्लूमध्ये दोन्ही प्रकारच्या सांध्यांवर लोहच असते, फक्त एकावर दोन धनभारांचे आणि दुसऱ्यावर तीन धनभारांचे. पण एका जागी लोह ठेवून दुसऱ्या जागी तांबे, कोबाल्ट, निकेल, मँगनीज काहीही बसवता येते. तो चॉकलेटी साका म्हणजे लोह आणि तांबे यांचे जाळे. एकाच जाळ्यात दोन वेगळे धातू एकाआड एक बसवलेले, म्हणून मिश्र-धातू कोऑर्डिनेशन पॉलिमर. मिश्रधातू म्हणजे पितळ किंवा कासे, तो प्रकार निराळा. पितळात जस्त आणि तांबे कसेही मिसळलेले असतात. इथे कोणाच्या शेजारी कोण बसणार हे रसायनच ठरवते. सायनाइडचे कार्बनचे टोक आधीच एका धातूला धरून बसलेले असते, त्यामुळे दुसऱ्या धातूला नायट्रोजनच्या टोकाकडेच जागा मिळते. जेवणाच्या पंगतीत पाटांवर नावे लिहून ठेवावीत तसे.

शेजाऱ्यावर सगळे अवलंबून

चुंबकत्व येते कुठून? इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात आणि जोडीतले दोघे एकमेकांचे चुंबकत्व खाऊन टाकतात. काही धातूंच्या अणूंत मात्र काही इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय एकटे राहतात. तीन धनभारांच्या क्रोमियममध्ये असे तीन, दोन धनभारांच्या मँगनीजमध्ये पाच, निकेलमध्ये दोन, तांब्यात एक. जितके एकटे जास्त, तितका तो अणू मोठा चुंबक.

पण एकेकटा अणू चुंबक असून भागत नाही. सगळ्यांनी एका दिशेला तोंड केले तरच पदार्थ चुंबक होतो. लेझीमच्या पथकाचे उदाहरण घ्या. सगळ्यांचे पाऊल एका बाजूला पडले तर तो लोहचुंबक. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे अशी आळीपाळी झाली आणि दोघांची ताकद सारखी असेल, तर शिस्त पूर्ण, पण एकूण हालचाल शून्य. याला प्रति-लोहचुंबकत्व म्हणतात. तिसरा प्रकार गमतीचा आहे: आळीपाळीने उलट दिशा आहेतच, पण डावीकडे जाणारे धिप्पाड आणि उजवीकडे जाणारे किरकोळ. मग वजाबाकी होऊनही काहीतरी शिल्लक राहते. याला फेरीचुंबकत्व म्हणतात. हे गणित लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले आणि त्याला १९७० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. नाविकांनी होकायंत्रासाठी वापरलेला मॅग्नेटाइटचा दगड हा मुळात फेरीचुंबकच.

उष्णता म्हणजे या पथकात घुसलेला गोंधळ. तापमान वाढले की पावले चुकू लागतात आणि एका ठरावीक तापमानाला शिस्त पूर्ण मोडते. त्याला क्युरी तापमान म्हणतात. शुद्ध लोखंडाचे ते सुमारे ७७० अंश सेल्सियस आहे. प्रशियन ब्लूचे आहे ५.६ केल्विन, म्हणजे उणे २६७ अंशांच्याही खाली. निळा साका चुंबक आहे हे खरे, पण त्याला द्रव हेलियमच्या थंडीत नेल्याशिवाय ते दिसत नाही. डीसबाखला कळणे शक्यच नव्हते.

प्रशियन ब्लू इतका दुबळा का, हे जाळ्याकडे पाहिले की समजते. तीन धनभारांच्या लोहात पाच एकटे इलेक्ट्रॉन आहेत, ते ठीक. पण त्याच्या सहाही बाजूंचा शेजारी, दोन धनभारांचा लोह, याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत आहेत. चुंबकीय दृष्टीने तो रिकामा पाट. एका चुंबकीय लोहाचा संदेश पुढच्या चुंबकीय लोहापर्यंत पोहोचायला मधल्या या मुक्या शेजाऱ्याला ओलांडून सुमारे एक नॅनोमीटर जावे लागते. आवाज क्षीण होणारच. म्हणजे ताकद वाढवायची असेल तर मधल्या जागेवर बोलणारा धातू बसवला पाहिजे.

ऑर्सेच्या साखळ्या

हे शेजाराचे शास्त्र पद्धतशीरपणे उभे केले ते फ्रान्समध्ये, १९८० च्या दशकात. पॅरिसजवळच्या ऑर्से येथे ऑलिव्हिए कान यांचा गट होता. त्यांनी सायनाइडऐवजी ऑक्झॅमेटो नावाचा सेंद्रिय पूल वापरला. त्याच्या एका बाजूला तांबे, दुसऱ्या बाजूला मँगनीज. तांबे-मँगनीज-तांबे-मँगनीज अशी लांबच लांब साखळी तयार झाली. तांब्याचा एक इलेक्ट्रॉन आणि मँगनीजचे पाच, दिशा एकमेकांच्या उलट. पाचातून एक गेला, प्रत्येक जोडीमागे चार शिल्लक. नेएलची वजाबाकी एका साखळीत!

तरीही पहिल्या संयुगाने निराशा केली. साखळीच्या आत सगळे व्यवस्थित होते, पण स्फटिकात साखळ्या एकमेकींशेजारी अशा रचल्या गेल्या की मँगनीजच्या समोर मँगनीज आले. शेजारच्या साखळ्या एकमेकींच्या उलट वळल्या आणि उरलेले चारही गेले. अतिशीत तापमानात एकूण बेरीज शून्य.

मग त्यांनी सेंद्रिय पुलाच्या मधल्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट लावला. म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, बस. साखळी तीच राहिली, पण शेजारच्या साखळ्या अर्धे घर सरकल्या आणि आता मँगनीजच्या समोर तांबे आले. सगळ्या साखळ्यांची शिल्लक एकाच दिशेला वळली आणि ४.६ केल्विनला खरा चुंबक मिळाला. पुढे त्याच संयुगातून पाण्याचा एक रेणू काढून टाकल्यावर क्युरी तापमान ३० केल्विनपर्यंत गेले.

मला स्वतःला या सगळ्या विषयात हा प्रयोग सर्वांत आवडतो. ३० केल्विन म्हणजे अजूनही उणे २४३ अंश. उपयोगाच्या दृष्टीने त्याला काही किंमत नाही. पण धातू न बदलता, फक्त शेजार बदलून, नसलेला चुंबक असलेला करता येतो हे त्याने सिद्ध केले. कॉलेजात कोऑर्डिनेशन संयुगांचा धडा बहुतेक मुले नावे पाठ करून पार पाडतात. त्यात हे एक उदाहरण असते तर धड्याचा जीव दिसला असता.

साखळ्यांची मर्यादाही उघड होती. साखळी एकाच दिशेला बळकट असते. तिथे प्रत्येक अणूला दोनच बळकट शेजारी. चुंबकाची शिस्त तापमानापुढे टिकायची तर शेजारी जास्त हवेत आणि त्यांचे बोलणे मोठ्याने हवे. सहा शेजाऱ्यांचे जाळे तर हाताशी होतेच. गाडी पुन्हा प्रशियन ब्लूकडे वळली.

मे महिन्यात विझणारा चुंबक

पॅरिसमधल्या मिशेल व्हेर्दागेर यांच्या गटाने मधल्या जागेवर लोहाऐवजी क्रोमियम बसवले. तीन एकटे इलेक्ट्रॉन असलेला बोलका शेजारी. आता प्रश्न, दुसऱ्या जागेवर कोण?

इथे थोडे अणूच्या आत डोकवावे लागते. या धातूंच्या एकट्या इलेक्ट्रॉनांना राहायला पाच खोल्या असतात. सहा बाजूंना सहा शेजारी असले की या खोल्यांचे दोन प्रकार पडतात: तीन खोल्यांची तोंडे शेजाऱ्यांच्या मधल्या कोपऱ्यांकडे असतात, दोन खोल्यांची थेट शेजाऱ्यांकडे. आपण त्यांना तिरप्या आणि सरळ खोल्या म्हणू. क्रोमियमचे तीनही इलेक्ट्रॉन तिरप्या खोल्यांत राहतात. सायनाइडच्या पुलावरून तिरप्या खोलीतला इलेक्ट्रॉन पलीकडच्या तिरप्या खोलीशीच भेटू शकतो, सरळ खोलीशी त्याची गाठ पडत नाही.

भेट झाली तर दोघे एकमेकांच्या उलट दिशा धरतात, कारण एकाच जागेत दोन इलेक्ट्रॉनांना सारख्या दिशेने राहता येत नाही. भेट झाली नाही तर ते एकाच दिशेला राहणे पसंत करतात. म्हणजे जाळे बनवण्याआधीच, कागदावर, सांगता येते की कोणता धातू बसवला की काय होईल. निकेलचे दोन एकटे इलेक्ट्रॉन सरळ खोल्यांत असतात, म्हणून निकेल आणि क्रोमियम एका दिशेला राहणार. तसेच झाले: १९९२ मध्ये सीझियम, निकेल आणि क्रोमियमचे जाळे ९० केल्विनपर्यंत लोहचुंबक राहिले. प्रशियन ब्लूच्या सोळा पट.

भेट न होण्यातून येणारा हा एकोपा मात्र तसा सौम्य असतो. भेट होऊन येणारा विरोध जास्त जोरकस. मग विरोधच का वापरू नये? दोन्ही बाजूंची ताकद असमान असली की नेएलच्या हिशेबाने शिल्लक राहतेच. १९९३ मध्ये दोन वेगवेगळ्या भारांचे क्रोमियम वापरून २४० केल्विन गाठले, म्हणजे उणे ३३ अंश. हे तापमान लडाखच्या हिवाळ्याच्या आसपासचे आहे, हेलियमचे नव्हे. त्यानंतर व्हॅनेडियमची पाळी. दोन धनभारांच्या व्हॅनेडियमचेही तीनही एकटे इलेक्ट्रॉन तिरप्या खोल्यांत असतात, आणि त्या खोल्या ऐसपैस असल्यामुळे सायनाइडच्या पुलापर्यंत चांगल्या पोहोचतात. भेट जोरात होणार. १९९५ मध्ये फेर्ले, माल्लाह, व्हेर्दागेर आणि सहकाऱ्यांनी व्हॅनेडियम-क्रोमियमचे जाळे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. क्युरी तापमान ३१५ केल्विन.

३१५ केल्विन म्हणजे ४२ अंश सेल्सियस. पॅरिसमध्ये बारा महिने चुंबक. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर ठेवला तर बंद पडेल आणि रात्री पुन्हा सुरू होईल. व्हेर्दागेर यांनी याचा फार सुंदर प्रात्यक्षिकासाठी उपयोग केला. काचेच्या बंद कुपीत ही पूड भरून ती लंबकासारखी टांगायची आणि बाजूला साधा कायमचा चुंबक ठेवायचा. कुपी चुंबकाकडे ओढली जाते. तिथे तिच्यावर दिव्याचा किंवा उन्हाचा झोत पाडायचा. पूड तापते, चुंबकत्व जाते, कुपी सुटून झोताबाहेर येते. बाहेर ती थंड होते, चुंबकत्व परत येते, पुन्हा ओढली जाते. ऊन आहे तोवर लंबक हलत राहतो.

कृती ऐकायला सोपी वाटते. पोटॅशियम क्रोमिसायनाइडचे द्रावण घ्यायचे, व्हॅनेडियमच्या क्षाराचे द्रावण त्यात ओतायचे, गडद निळा साका गाळायचा. सगळे खोलीच्या तापमानाला, पाण्यात. अडचण अशी की दोन धनभारांचे व्हॅनेडियम हवेत टिकत नाही. हवेचा स्पर्श झाला की त्याचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो. म्हणून सारे काम आर्गॉन वायूच्या वातावरणात, हवा काढून टाकलेल्या पाण्यात करावे लागते. एवढे करूनही त्या १९९५ च्या पदार्थात दर शंभर व्हॅनेडियमपैकी ५८ तीन धनभारांचे निघाले.

याची किंमत किती मोजावी लागली ते साध्या वजाबाकीने कळते. आदर्श पदार्थात तीन व्हॅनेडियममागे दोन क्रोमियम असतात. तीन गुणिले तीन नऊ, दोन गुणिले तीन सहा, शिल्लक तीन. म्हणजे दर व्हॅनेडियममागे एक. प्रत्यक्षात ५८ टक्के व्हॅनेडियमकडे तीनऐवजी दोनच एकटे इलेक्ट्रॉन उरले, आणि क्रोमियमचे प्रमाण दर व्हॅनेडियममागे ०.८६ पडले. एका बाजूला २.४२, दुसऱ्या बाजूला २.५८. शिल्लक ०.१६. क्युरी तापमानाचा विक्रम झाला, पण चुंबक म्हणून तो अशक्तच.

चार वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील होम्स आणि गिरोलामी यांनी पोटॅशियम घालून जाळ्यातल्या रिकाम्या जागा भरून काढल्या. एका व्हॅनेडियममागे बरोबर एक क्रोमियम, प्रत्येकाला सहाही शेजारी. क्युरी तापमान ३७६ केल्विनवर गेले, उकळत्या पाण्याच्याही वर. पण हिशेब करून पहा: तीन वजा तीन. शेजार जितका परिपूर्ण केला तितकी शिस्त वाढली आणि शिल्लक नाहीशी झाली. शिल्लक हवी असेल तर जाळ्यात काही पाट रिकामे ठेवावे लागतात, आणि रिकामे पाट ठेवले की शेजारी कमी होऊन तापमान उतरते. या कात्रीतून अजून पुरती सुटका झालेली नाही.

प्रकाश, आणि ट्रॉम्बेचे न्यूट्रॉन

लोखंडाच्या चुंबकाला जे जमत नाही ते या जाळ्यांना जमते, आणि त्यासाठीच लोक त्यांच्या मागे आहेत. १९९६ मध्ये जपानमध्ये सातो, इयोदा, फुजिशिमा आणि हाशिमोतो यांनी कोबाल्ट आणि लोह यांचे जाळे घेतले. अतिशीत अवस्थेत त्यातील बऱ्याच कोबाल्ट-लोह जोड्या चुंबकीय दृष्ट्या मुक्या असतात. लाल प्रकाश टाकला की लोहाचा एक इलेक्ट्रॉन सायनाइडच्या पुलावरून कोबाल्टकडे उडी मारतो. आता लोहात एक आणि कोबाल्टात तीन एकटे इलेक्ट्रॉन, दोघेही बोलके. चुंबकत्व वाढते आणि क्युरी तापमान १६ वरून १९ केल्विनवर जाते. निळा प्रकाश टाकला की बदल बराचसा उलटतो. चुंबकाला दिव्याचे बटण लावावे तसे. हर्शेलच्या ब्ल्यूप्रिंटमध्येही प्रकाशानेच लोहाला इलेक्ट्रॉन मिळतो, पण तिथे रंग एकदा आला की आला.

दोनाऐवजी तीन धातू घेतले तर आणखी वेगळे घडते, आणि या कामाचा मुंबईशी थेट संबंध आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एस. एम. युसूफ, अमित कुमार आणि जे. व्ही. याखमी यांनी २००९ मध्ये एका जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका जागी लोह आणि दुसऱ्या जागी तांबे व मँगनीज जवळपास निम्मे-निम्मे. तांबे लोहाच्या दिशेने उभे राहते, मँगनीज लोहाच्या विरुद्ध. थंड करत गेले की सगळ्यांची शिस्त वाढते, पण सारख्या वेगाने नाही. एका टप्प्यावर एक बाजू वरचढ, आणखी थंड केले की दुसरी. परिणाम असा की बाहेरचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तसेच ठेवून, फक्त तापमान बदलून, चुंबकाचा उत्तर ध्रुव दक्षिण होतो. क्षेत्र वाढवूनही ही उलथापालथ नियंत्रित करता येते.

कोणता अणू कोणत्या दिशेला उभा आहे हे पाहायचे कसे? क्ष-किरणांना अणू दिसतात, त्यांच्यावरचे चुंबकत्व जवळपास दिसत नाही. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण तो स्वतः चिमुकला चुंबक असतो. त्यामुळे पदार्थातून जाताना तो अणूंच्या चुंबकीय दिशांनुसार विखुरतो. न्यूट्रॉनांचा झोत अणुभट्टीतून मिळतो. ट्रॉम्बेची ‘ध्रुव’ ही भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली आणि अशा अभ्यासाची सोय आपल्या देशात तिथे आहे.

हे चुंबक पंख्याच्या मोटारीत कधी बसतील का? मला वाटत नाही. या जाळ्यात धातूचे अणू लांब लांब असतात, मध्ये कार्बन, नायट्रोजन आणि भरपूर पाणी. तेवढ्याच आकाराच्या लोखंडाशी किंवा नियोडिमियमच्या चुंबकाशी ताकदीत त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुर्मिळ धातूंच्या चुंबकांना हा पर्याय आहे असे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांची जागा दुसरीकडे आहे: जिथे प्रकाशाने, दाबाने, ओलाव्याने बदलणारा पदार्थ हवा तिथे. याच जाळ्यांचे चुंबकत्वाशी संबंध नसलेले भाऊबंद सोडियम-आयन बॅटऱ्यांत वापरले जाऊ लागले आहेत, कारण सोडियमला त्यांच्या पोकळ्यांतून सहज ये-जा करता येते.

या सगळ्यात अजून हाताबाहेर राहिलेली गोष्ट म्हणजे ते रिकामे पाट. प्रशियन ब्लूमध्ये भारांचा हिशेब जुळवायचा तर मधल्या जागांपैकी एक चतुर्थांश रिकाम्या राहतात आणि त्यांत पाणी भरते. त्या जागा कुठे पडतात ते साका किती वेगाने पडला यावरही ठरते. द्रावणे भसकन ओतली तर बारीक पूड आणि गोंधळ. दोन्ही द्रावणे जेलमधून हळूहळू एकमेकांकडे झिरपू दिली तर काही आठवड्यांनी स्फटिक मिळतात. रिकाम्या जागा जाळ्यात कशाही विखुरलेल्या असतात असेच अनेक वर्षे मानले जात होते. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू गुडविन यांनी सहकाऱ्यांसह अशाच सावकाश वाढवलेल्या स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून दाखवले की त्या कशाही विखुरलेल्या नसतात. त्यांची मांडणी असते, आणि धातू बदलला किंवा स्फटिक वाढवण्याची कृती बदलली की ती मांडणीही बदलते.